लहरी कोण, नेमाचा कोण?

संध्याकाळी गावातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, की घरातला जुना पिवळा बल्ब कसा मलूल होतो, पाहिलंय? पंखाही रेंगाळायला लागतो. जरा वेळ गेला, की बल्ब पुन्हा झगझगीत! "व्होल्टेज वरखाली होतंय," आजोबा म्हणतात. घरात वीज साधारण 230 व्होल्टची यायला हवी. पण ओढणारे वाढले, की तो दाब उतरतो.

याला शब्द आहे चढउतार. घाटात असतात ना, तसेच! टोमॅटोच्या भावात चढउतार, तापात चढउतार.

पण समुद्राचं पाणीही वरखाली होतंच की! हो, पण एक भरती गेली की पुढची साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. कोळीदादा तुम्हाला उद्याची वेळ आजच सांगेल. ज्याची वेळ अशी सांगता येत नाही, त्याला आपण म्हणतो लहरी. पाऊस लहरी. आमच्या शेजारचं मांजर तर महालहरी!

आता गंमत बघा. लहर म्हणजे लाट. आणि चढउताराला इंग्रजीत म्हणतात फ्लक्च्युएशन. तो शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्या 'फ्लुक्टुस'चा अर्थही लाटच! किनाऱ्यावर उभं राहून पुढची लाट गुडघ्यापर्यंत येईल की नुसती पाऊलच भिजवेल, हे सांगून बघा बरं. मराठी माणसाला जे सुचलं, तेच रोमन माणसालाही सुचलं होतं.

एक लहर तुमच्या मनगटातही आहे. शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवून नाडी शोधा. आता सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. मुलांमध्ये हे छान जाणवतं. घाबरू नका, निरोगी हृदय असंच चालतं. म्हणजे ही लहर नाहीच, श्वासाच्या तालावर चाललेला नेम आहे!

मग पक्का लहरी कोण? ताऱ्यांचं लुकलुकणं. तारा बिचारा स्थिर तेवत असतो. वाटेतली गरम-गार हवा सतत हलते आणि त्याचा प्रकाश इकडेतिकडे वाकवते. पुढची लुकलुक कधी, हे कोणीच सांगू शकत नाही. ग्रह मात्र फारसे लुकलुकत नाहीत.

तेव्हा आज बल्ब मलूल झाला, तर अंगणात या आणि न लुकलुकणारा ठिपका शोधा.