विश्लेषण : वाळक्या मुळीतून निळे फूल कसे येते? ‘सी हॉली’ची मुळी निवडताना, लावताना काय पाहावे?

पाकिटावर निळ्याशार, काटेरी फुलांचे छायाचित्र आणि आत भुशात गुंडाळलेली बोटाएवढी तपकिरी मुळी. ‘सी हॉली’चे ‘बेअर रूट’ म्हणजे उघड्या मुळांचे रोप पहिल्यांदा मागवणाऱ्याला ते मेलेलेच वाटते. मग दोनपैकी एक चूक होते. एकतर चांगली मुळी कचऱ्यात जाते किंवा तिला जगवण्यासाठी खत-पाण्याचा मारा होतो आणि ती कुजते. युरोप-अमेरिकेतील बागांमध्ये हे झाड कमी कष्टात वर्षानुवर्षे फुलते. मात्र त्यासाठी छायाचित्रापेक्षा मुळीकडे पाहायला हवे.

सी हॉली म्हणजे नेमके काय?

सी हॉलीचे शास्त्रीय नाव एरिंजियम. या प्रजातीत सुमारे २५० जाती आहेत. पाने काटेरी असली तरी नाताळच्या सजावटीतल्या हॉलीशी तिचे नाते नाही. तिचे कूळ आहे गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा आणि बडीशेप यांचे. फुलाच्या पाकळ्या वाटतात ती प्रत्यक्षात फुलोऱ्याखालच्या काटेरी पानांची झालर असते. खरी फुले मधल्या बोंडात दाटीने बसलेली असतात आणि त्यांच्यावर मधमाश्यांची गर्दी होते.

मूळ जात एरिंजियम मॅरिटिमम ही युरोपच्या किनाऱ्यांवरील वाळूच्या टेकड्यांवर वाढते. तेथे वरची वाळू कोरडी ठणठणीत असते, ओल असते ती खोलवर. त्यामुळे या झाडाचे सोटमूळ एक मीटरहून खोल जाते. हे मूळ एकेकाळी खाल्लेही जात असे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कोलचेस्टर हे शहर साखरेत मुरवलेल्या या मुळांसाठी, म्हणजे ‘एरिंगो’साठी प्रसिद्ध होते. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकातही त्यांचा उल्लेख आहे.

कुंडीतल्या रोपाऐवजी उघडी मुळी का?

सी हॉली हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते. जमिनीवरचा भाग वाळतो आणि साठवलेले अन्न मुळात राहते. या काळात मूळ उपटून, माती झटकून पाठवले तरी ते तग धरते. माती नसल्याने वजन कमी, त्यामुळे टपालखर्च कमी आणि रोपही सहसा स्वस्त.

दुसरा फायदा सोटमुळाचा. लहान कुंडीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घालते. असे रोप जमिनीत लावल्यावरही ते मूळ सरळ खाली जाईलच असे नाही. उघडी मुळी मात्र डोळ्यांनी तपासता येते आणि पहिल्या दिवसापासून सरळ लावता येते.

कोणती जात निवडावी?

पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी एरिंजियम प्लेनम ही सर्वात सोपी. उंची साधारण ६० ते ९० सेंटीमीटर, फुले लहान पण भरपूर. जागा कमी असेल तर तिचा ‘ब्लू हॉबिट’ हा बुटका वाण आहे. मोठे, गडद निळे फूल हवे असेल तर एरिंजियम झाबेली या संकरातील ‘बिग ब्लू’ घेतात. आल्प्स पर्वतातील एरिंजियम अल्पिनमची झालर रेशमासारखी बारीक आणि इतरांपेक्षा मऊ असते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील एरिंजियम युक्किफोलियम थोडी जड माती सहन करते, पण तिची फुले निळी नसून पांढरट हिरवी असतात.

‘मिस विलमॉट्स घोस्ट’ या नावाने मिळणारी एरिंजियम जायगँटियम विकत घेताना मात्र थांबून विचार करावा. ती एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. एलेन विलमॉट (१८५८-१९३४) या इंग्लिश बागकामतज्ज्ञ दुसऱ्यांच्या बागांत गुपचूप तिचे बी टाकत, अशी आख्यायिका आहे. ही जात बियांपासूनच वाढवणे शहाणपणाचे.

मुळी चांगली आहे, हे कसे ओळखायचे?

ज्याला बाजारात गाजर निवडता येते, त्याला सी हॉलीची मुळी निवडता येते. कूळ एकच असल्याने कसोट्याही जवळपास त्याच.

- दाबून पाहावी. घट्ट लागली तर चांगली. बोट आत रुतले किंवा कुबट वास आला तर कुज सुरू झाली आहे.
- आकाराच्या मानाने जड असावी. पोकळ, कडकडीत वाळलेली मुळी सहसा फुटत नाही.
- वरच्या टोकाला म्हणजे शेंड्याला निदान एक टणक कोंब किंवा डोळा दिसायला हवा.
- मधले जाड मूळ अखंड असावे. बारीक तंतुमुळे तुटली असतील तर काळजी नको, ती पुन्हा फुटतात.

वरवर थोडी सुरकुतलेली मुळी टाकून देऊ नये. पाण्यात ठेवल्यावर ती बरीचशी सावरते. पाकीट आल्याबरोबर उघडावे आणि लावणीला वेळ असेल तर मुळी थंड जागी किंचित ओलसर वाळूत ठेवावी.

लावणी कशी करावी?

जमीन गोठलेली नसेल तेव्हा, शरद ऋतूच्या अखेरीपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत लावणी करतात. हिवाळा फार ओला असेल तेथे वसंताची वाट पाहणे बरे. लावण्याआधी मुळी एक-दोन तास पाण्यात ठेवावी, रात्रभर नको.

जागा दिवसभर उन्हाची हवी आणि पाण्याचा निचरा होणारी. तपासण्यासाठी ३० सेंटीमीटर खोल खड्ड्यात पाणी भरावे, ओसरल्यावर पुन्हा भरावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर ही जागा सी हॉलीची नाही. चिकणमातीत फक्त खड्ड्यापुरती भुसभुशीत माती भरून भागत नाही. आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि खड्ड्याची बादली होते. त्यापेक्षा खडीमिश्रित मातीचा १५ ते २० सेंटीमीटर उंच वाफा करावा.

खड्डा मुळीच्या लांबीपेक्षा थोडा खोल घ्यावा. मुळी न दुमडता उभी सोडावी, शेंडा जमिनीच्या पातळीला ठेवावा, माती हलक्या हाताने दाबावी आणि एकदा भरपूर पाणी द्यावे. दोन रोपांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर पुरते. शेंड्याभोवती बारीक खडी पसरली की तेथे ओल साचत नाही.

लावल्यावर काय करू नये?

खत घालू नये. सकस मातीत दांडे भराभर वाढतात आणि लोळतात. सावलीत निळा रंगही फिका पडतो. पहिल्या उन्हाळ्यात माती कोरडी पडली तर पाणी द्यावे, नंतर त्याचीही फारशी गरज नसते.

या झाडाला थंडीपेक्षा धोका आहे तो साचलेल्या पाण्याचा. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी कमी वेगाने तो पाण्यात पसरतो. चिंब मातीत मुळाचा श्वास कोंडतो आणि बुरशीचे फावते.

काही आठवडे काहीच दिसले नाही तरी उकरून पाहू नये. पहिल्या वर्षी बहुधा पानेच येतात, फुलांचा खरा बहर दुसऱ्या वर्षापासून. रुजलेले झाड हलवूही नये, कारण सोटमूळ तुटते. नवी रोपे हवी असतील तर हिवाळ्यात जाड मुळाचे ५ ते ८ सेंटीमीटरचे तुकडे करून लावतात. वरची बाजू सरळ आणि खालची तिरकी कापावी, म्हणजे तुकडा उलटा लागत नाही.

महाराष्ट्रात येईल का?

निळ्या सी हॉलीसाठी कोकण, मुंबईचे हवामान प्रतिकूल आहे. कोलचेस्टरजवळ एलमस्टेड मार्केट येथे बागकामतज्ज्ञ बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकात जुन्या वाहनतळावर खडीची बाग केली. वरून पाणी न देता वाढवलेल्या या बागेत सी हॉलीही आहे. त्या भागात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईत २००० मिलिमीटरहून अधिक आणि तोही बहुतांश चार महिन्यांत. शिवाय सुप्तावस्थेसाठी लागणारी थंडी नाही. परदेशातून येताना बॅगेत मुळी आणणेही नियमात बसत नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

हौस भागवायची असेल तर याच प्रजातीतील एरिंजियम फेटिडम आहे. मणिपूर, मिझोरामच्या स्वयंपाकात कोथिंबिरीसारखी वापरली जाणारी ही लांब, दातेरी पानांची वनस्पती उष्ण-दमट हवेत, अर्धसावलीत, कुंडीतही वाढते. तिला निळे फूल येत नाही, पण आमटीत पान चालते.

नावावरून होणारा एक गोंधळही टाळायला हवा. कोकणातील खारफुटीत वाढणाऱ्या मारांडीलाही इंग्रजीत ‘सी हॉली’ म्हणतात. ती अडुळसा, अबोलीच्या कुळातली, खाडीच्या चिखलात पाय रोवून उभी राहणारी. एक चिखलात जगते, दुसरी चिखलात मरते. म्हणून मागणी नोंदवताना नुसते ‘सी हॉली’ नव्हे, तर ‘एरिंजियम’ आणि पुढे जातीचे नाव लिहिलेले आहे ना, हे आधी पाहावे.