स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं

ओहोटी लागली की अलिबागला कुलाबा किल्ल्यासमोरची वाळू घट्ट होते आणि पोरं लगेच स्टंप रोवतात. तिथे टेनिस बॉल फारसा उसळत नाही, सरपटत पायात येतो. ती पोरं खेळताना दिसली की मला आचरेकर सर आठवतात. तेही कोकणातलेच, मालवणचे, जन्म १९३२चा.

रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४च्या मोईन-उद्-दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून. त्यांचं खरं काम झालं ते प्रशिक्षक म्हणून, शिवाजी पार्कच्या मातीवर. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ज्या चेंडूवर वेस्ट इंडीजच्या ग्रिनिजने बॅट वर उचलली आणि स्टंप गमावला, तो टाकणारा बलविंदर संधू सरांच्याच हाताखालचा. लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर हेही त्यांचेच.

सर फार बोलत नसत. मुलगा नेटमध्ये नाही, सामन्यात घडतो, असं त्यांचं शिकवणं सांगतं. १९८४ साली अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्यासमोर बिचकला, तेव्हा थोरल्या भावाच्या विनंतीवरून सरांनी निघून गेल्यासारखं केलं आणि झाडाआडून त्याची बॅटिंग पाहिली. पुढे त्याला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एकाच दिवसात दोन-दोन डाव खेळवत. संध्याकाळी पोरगं दमलं की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्याचं नाणं. शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. दमलेल्या पायांनी चेंडूच्या रेषेत जायची सवय लावायला मला तरी याहून चांगली युक्ती माहीत नाही. किट खांद्याला लावून रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्या आमच्याकडच्या मुलांनाही हेच हवं आहे: रोज सामना, आणि तो पाहणारं कुणीतरी.

द्रोणाचार्य पुरस्कार १९९०मध्ये आला, पद्मश्री २०१०मध्ये. कौतुक मात्र सरांनी तोंडावर कधी केलं नाही. एकोणतीस वर्षांत सर एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, असं सचिनने २०१३मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सांगितलं, ते किती मायेने!

२ जानेवारी २०१९ला सर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तिरडीला सचिनने खांदा दिला.