गोड-तिखट थाई दाणे आणि माझी एक कबुली

मैत्रिणींनो, पाहुणे येणार म्हटलं की तुमच्या पोटात पहिला गोळा कशाचा येतो? जेवणाचा नक्कीच नाही. जेवण आपण कसंही निभावून नेतो. खरी पंचाईत असते ती चहाबरोबर काय ठेवायचं याची. चिवडा मागच्या खेपेला झालेला असतो, शेव विकतची असते आणि बिस्किटं ठेवली की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून आज एक निराळा पदार्थ सांगणार आहे. मात्र तो सांगण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वन्सं एका यात्रा कंपनीबरोबर बँकॉकला जाऊन आल्या. येताना सगळ्यांसाठी काही ना काही आणलं. माझ्या हातावर त्यांनी एक छोटंसं पाकीट ठेवलं. "वहिनी, हे खाऊन बघ. तुला काय काय घातलंय ते ओळखता येतं का सांग," असं म्हणाल्या. आत भाजलेले काजू आणि शेंगदाणे. वर गुळासारखं चकचकीत आवरण, त्याला चिकटलेले सुक्या मिरचीचे तुकडे आणि कुठल्याशा हिरव्या पानांचे कुरकुरीत धागे. दाणा तोंडात टाकला की आधी गोड लागतो, मग खारट, आणि गिळेपर्यंत जिभेला झिणझिण्या येतात. पण सर्वांत शेवटी जो वास मागे राहतो तो कसला, ते काही केल्या आठवेना. दोन दिवसांनी सकाळचा चहा गाळताना लख्खकन डोक्यात उजेड पडला. अहो, हा तर आपल्या परसातला गवती चहा!

थायलंडात दाण्यांचे असे प्रकार बाजारात सर्रास मिळतात. त्यातल्या एकाचं नाव 'थुआ थोत समुनफ्राय'. थुआ म्हणजे दाणे, थोत म्हणजे तळलेले आणि समुनफ्राय म्हणजे औषधी वनस्पती. गवती चहा, मक्रूत लिंबाची पानं आणि सुक्या मिरच्या तळून त्या दाण्यांत मिसळायच्या, अशी ती मूळ कल्पना. त्याला साखरेचं किंवा ताडगुळाचं आवरण दिलं की गोड-तिखट प्रकार तयार. तिकडच्या स्वयंपाकात गोड, आंबट, खारट आणि तिखट या चवींचा तोल फार जपतात. आपण आमटीत चिंच-गूळ घालतो त्याचीच ही दूरची बहीण समजा.

एक गंमत सांगू? काजूला थाई भाषेत 'मेत मामुआंग हिम्मफान' म्हणतात. मेत म्हणजे बी, मामुआंग म्हणजे आंबा आणि हिम्मफान म्हणजे हिमवंत. हिमालयाच्या पायथ्याशी असलेलं पुराणकथांतलं अरण्य ते. हिमवंताच्या आंब्याची बी! आपण साधं काजू म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात काजू ना हिमालयातला, ना थायलंडातला, ना आपल्या कोकणातला. तो मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला. मिरची आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलेच. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली त्यांचा वकील सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्या इथे पोचला होता. म्हणजे ज्यांच्या जहाजांतून आपल्याकडे हा माल उतरला, त्यांचीच ये-जा तिकडेही होती. गवती चहा तेवढा आपल्या बाजूचा.

आता कबुली. दिवाळीनंतर पुण्याहून भाऊजी आणि जाऊबाई दोन दिवसांसाठी यायचे होते. जाऊबाईंच्या घरी सगळं कसं नीटनेटकं आणि नव्या तऱ्हेचं. मी एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. तीन महिन्यांचं मानधन नुकतंच एकदम हातात आलं होतं. मनात म्हटलं, या खेपेला आपणही काही दाखवू. कोणाला न सांगता अर्धा किलो काजू आणले. माझ्या कितीतरी तासिका त्या एका पुडीत गेल्या, पण हौस होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. ओव्हन लावला. काजू, शेंगदाणे, गूळ, तिखट, गवती चहा, वरून दोन लिंबांचा रस, सगळं एकत्र कालवलं आणि ट्रे आत सरकवला.

पंधरा मिनिटांत घरभर जळका वास. ट्रे बाहेर काढला तर कडेचे काजू कोळशासारखे, मधले मऊ आणि चिकट, गवती चहाच्या पात्या दोरखंडासारख्या चिवट. एक दाणा तोंडात टाकला तो कडूजहर. रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग काय केलं असेल मी? सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं, कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपलं, खिडक्या उघडल्या आणि उदबत्ती लावली. सासूबाई आल्या तेव्हा विचारलं, "कसला गं वास?" मी म्हटलं, "दूध उतू गेलं."

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, दूध जळल्याचा वास मला कळतो आणि गूळ जळल्याचाही. काजू होते का? किती?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. वाटलं, आता पैशांवरून ऐकून घ्यावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "संक्रांतीला चिक्की करतेस तेव्हा दाणे न भाजता गुळात घालून चुलीवर ठेवतेस का? मग इथे काय वेगळं? मला विचारायचं तरी होतंस."

खरं सांगते, ते शेवटचं वाक्य काजूंपेक्षा जास्त लागलं. चाळीस वर्षं पाक करणारी बाई शेजारच्या खोलीत होती आणि मी बाहेरदेशाचा पदार्थ म्हणून तिला विचारायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाव किलोचा नवा घाट आम्ही दोघींनी मिळून घातला. आता सांगते ती कृती त्या दिवसाची.

साहित्य : काजू १२५ ग्रॅम, शेंगदाणे १२५ ग्रॅम, ताडगूळ ६० ग्रॅम (चार मोठे चमचे), पाणी दोन मोठे चमचे, गवती चहाचे तीन-चार जाड बुंधे, लिंबाची सात-आठ कोवळी पानं, सुक्या मिरच्या सहा-सात, लसूण आठ पाकळ्या, मीठ पाऊण चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, एका लिंबाची किसलेली साल, तेल दोन मोठे चमचे.

ताडगूळ न मिळाल्यास चिक्कीचा गूळ घ्यावा. गोव्याकडे राहणाऱ्यांनी माडाचा गूळ वापरला तर मूळ चवीच्या फार जवळ जाता येईल, कारण थायलंडातही ताडाचा आणि नारळाच्या झाडाचा गूळ वापरतात. मिरचीत निम्मी ब्याडगी रंगासाठी आणि निम्मी लवंगी तिखटासाठी घ्यावी. मक्रूत लिंबाचं पान ओळखायला सोपं असतं. एकापुढे एक अशी दोन पानं जोडल्यासारखं ते दिसतं. त्याची रोपं आता काही रोपवाटिकांत मिळतात. नसेल तर आपल्या लिंबाची किंवा ईडलिंबाची कोवळी पानं चालतात. वास थोडा सौम्य येतो इतकंच. कढीलिंब मात्र घालू नये. चांगला लागेल, पण मग तो आपला चिवडाच होईल.

कृती : गवती चहाच्या पात्या चहासाठी ठेवाव्यात. इथे हवा तो बुंध्याकडचा पांढरट, मऊ भाग. बाहेरची दोन सालं काढून त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कराव्यात. जाड राहिल्या तर दातात अडकतात. लिंबाच्या पानांची मधली शीर काढून पानं बारीक चिरावीत आणि पूर्ण कोरडी करावीत.

जाड बुडाच्या कढईत शेंगदाणे मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजावेत. ते बाजूला काढून काजू सात-आठ मिनिटं भाजावेत. काजू बदामी होण्याच्या जरा आधीच उतरवावेत. उतरवल्यावरही आतल्या उष्णतेने त्यांचा रंग चढत राहतो. ओव्हन असेल तर दीडशे अंशांवर वीस मिनिटं ठेवावं आणि मधे दोनदा हलवावं. पण ओव्हनमध्ये जायचे ते नुसते दाणे. गूळ नाही!

आता त्याच कढईत तेल घालून आधी गवती चहा तळावा. त्यात पाणी जास्त, म्हणून त्याला वेळ लागतो. तो सोनेरी झाला की काढून लसणाच्या चकत्या, मग मिरच्यांचे तुकडे आणि सर्वांत शेवटी लिंबाची पानं तळावीत. पानांना काही सेकंद पुरतात. सगळं कागदावर पसरून ठेवावं. हाताने चुरचुर मोडलं पाहिजे.

यानंतर पाक. कढई पुसून त्यात गूळ, पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवावं. फेस येऊन पाक दाट होऊ लागला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकून बघावा. मऊ गोळी झाली तर थांबावं. ती गोळी ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजली आणि काडकन मोडली की पाक झाला. चिक्कीला दाण्यांच्या बरोबरीने गूळ लागतो. इथे तो दाण्यांच्या चौथाईच आहे. पाक थोडा म्हणून तो झरझर पुढे जातो. या वेळी फोन वाजला तर वाजू द्यावा.

गॅस बंद करून दाणे पाकात ओतावेत आणि भराभर कालवावेत. आवरण चिकट आणि गरम आहे तोवरच तळलेली पानं, मिरच्या, लसूण, तिखट आणि लिंबाची साल घालावी. तेल लावलेल्या परातीत पसरून दोन चमच्यांनी दाणे सुटे करावेत. पाक फार तापलेला असतो, म्हणून बोटं लावायची नाहीत. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत.

लिंबाचा रस का नको, हे सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं. "पाकात आंबट पडलं की तो घट्ट व्हायचं विसरतो." शास्त्रही तेच सांगतं. आंबटपणामुळे साखरेचे कण फुटून तिचं रूप बदलतं आणि तशी साखर हवेतली ओल ओढून घेते. म्हणून आंबटाचा वास हवा तर साल किसावी, पांढरा भाग न घेता. थायलंडात बरेचदा मिठाऐवजी 'नाम प्ला' म्हणजे माशांचा खारवलेला अर्क घालतात. शाकाहारी घरात नुसतं मीठ पुरेसं आहे. पाकीटबंद थाई दाणे विकत घेताना मात्र त्यावरचा मजकूर वाचावा.

दोन-चार सूचना. शेंगदाणे आधी निवडावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. काहींना शेंगदाण्याचं किंवा काजूचं वावडं असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तेव्हा पाहुण्यांना आणि मुलांच्या मित्रांना आधी विचारावं. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम दाण्यांत सुमारे पावणेदोनशे उष्मांक असतात. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी गूळ-मीठ लक्षात घेऊन दोन-चार दाण्यांवर समाधान मानावं. घट्ट झाकणाच्या डब्यात हे दाणे दोन-तीन आठवडे छान राहतात. पावसाळ्यात थोडेच करावेत.

वन्संना त्यांच्या वाटाड्याने सांगितलं होतं की तिकडे खेडोपाडी गृहिणींचे गट असे खाऊचे पदार्थ करून विकतात. 'एक तांबोन, एक उत्पादन' या नावाची सरकारी योजना तिकडे २००१ साली सुरू झाली. तांबोन म्हणजे काही खेडी मिळून झालेला भाग. आपल्या बचत गटांसारखंच ते वाटलं मला. गृहिणीला तिकडे 'मे बान' म्हणतात. मे म्हणजे आई आणि बान म्हणजे घर. घराची आई. माझ्या हातात आलेल्या त्या पाकिटामागेही अशीच कुणी सासू-सुनेची जोडी कढईशी उभी असेल का, असं उगाच मनात आलं.

जाऊबाई आल्या, चहा झाला आणि वाटी दोनदा भरावी लागली. "कुठून आणलेस गं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दाणे माझे, पाक आईंचा." आणि मग तो वर्तमानपत्राच्या पुडीचा किस्साही सांगून टाकला. जाऊबाई हसता हसता म्हणाल्या, "मी तर एकदा अख्खा केक गच्चीवरच्या कुंडीत पुरला होता!"

सासूबाईंना आता दाणे चावत नाहीत. त्या मूठभर दाणे खलबत्त्यात जाडसर कुटतात आणि दहीभातावर भुरभुरतात. तिकडेही नूडल्सवर दाण्याचं कूट घालतातच. मी तसा दहीभात करून पाहिला. तुम्हीही पाहा. पण आधी घरात पाक जाणणारं कोणी असेल, तर त्यांना हाक मारा.