महिन्याची गाणी आणि सणाची गाणी

प्लेलिस्ट म्हणजे क्रमाने लावलेली गाण्यांची यादी, ही व्याख्या सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे साठत गेलेली सातशे-आठशे ‘आवडती’ गाणीही त्या व्याख्येत बसतात आणि त्यांचा उपयोग मात्र घरातल्या अडगळीच्या खोलीइतकाच होतो. मासिक प्लेलिस्ट हा याहून निराळा प्रकार आहे. महिन्याच्या आरंभी कोरी यादी उघडायची, त्या महिन्यात जे खरोखर पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटले तेच तीत घालायचे, संख्या पंधरा-वीसच्या पुढे जाऊ द्यायची नाही आणि महिना सरला की यादीला महिन्याचे व वर्षाचे नाव देऊन ती कायमची मिटायची, म्हणजे पुढे तीत काही घालायचे नाही आणि काढायचेही नाही, एवढेच तिचे नियम आहेत. या याद्यांच्या जोडीला बहुतेक श्रोते सणासुदीची एक स्वतंत्र यादी ठेवतात. ती वरवर तशीच दिसत असली तरी तिचे नियम जवळजवळ उलटे आहेत, आणि हा फरक लक्षात न आल्यामुळेच पुष्कळ याद्या फसतात.

मर्यादा ही या छंदातली मुख्य गोष्ट असून ती पूर्वी यंत्रानेच घातलेली होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे, आणि गाण्याची जी लांबी आज स्वाभाविक वाटते ती बऱ्याच अंशी त्या तबकडीने ठरवून दिलेली आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेल्या कॅसेटमुळे सामान्य श्रोत्याला प्रथमच स्वतःची निवड स्वतःच्या क्रमाने साठवता येऊ लागली. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत १९८०च्या दशकात कोरी कॅसेट दुकानदाराकडे देऊन ‘गाणी भरून घेणे’ हा नित्याचा व्यवहार होता. त्यात स्वामित्वहक्काचा सरळसरळ भंग होत असे, हे खरे. तथापि श्रोत्याचे शिक्षणही त्यातूनच होई, कारण साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे सहा-सात गाण्यांची, आणि शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटू नये म्हणून कागदावर मिनिटांची बेरीज करून कोणते ठेवायचे व कोणते गाळायचे हे आधीच ठरवावे लागे. बाजूच्या शेवटी दोन मिनिटे उरली तर तेवढ्यात बसणारे एखादे वाद्यसंगीत शोधण्यात जाणकार दुकानदाराचे कसब दिसे.

पुढे २००१ साली आयपॉड आला आणि त्याने खिशात हजार गाणी मावतात अशी जाहिरात केली, तर स्ट्रीमिंगने, म्हणजे गाणे साठवून न ठेवता इंटरनेटवरून त्या त्या क्षणी वाजवण्याच्या पद्धतीने, हा हिशेबच रद्द केला. स्पॉटिफाय ही सेवा युरोपात २००८ साली आणि भारतात २०१९ साली सुरू झाली. गाना, जिओसावन यांसारख्या सेवांनी मराठी श्रोत्याला त्याआधीच या सवयीला लावले होते. यंत्राची मर्यादा गेल्यावर ती श्रोत्याने स्वतःहून घालून घ्यावी लागते, आणि त्यासाठी महिना हे माप फार सोयीचे पडते.

याला मानसशास्त्राचाही आधार सापडतो. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली असे दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते. पुढे डॅनियल बर्लाइन यांनी त्याला पुस्ती जोडली की ही आवड एका शिखरापर्यंत चढते आणि अतिपरिचयानंतर उतरू लागते. नव्या गाण्याचा हा चढ-उतार पुष्कळदा काही आठवड्यांत पुरा होतो, आणि गाणे विटायच्या आधी यादी मिटली गेली तर ते चढावर असतानाच जपले जाते. दोन-तीन वर्षांनी ती यादी पुन्हा लावली असता त्या महिन्यातली परीक्षा, नोकरीतली बदली किंवा आजारपण गाण्यांबरोबर आठवते. मात्र तीच गाणी मधल्या काळात रोज वाजत राहिली असतील तर हा परिणाम बोथट होतो. यादी मिटण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी.

महिना कोणता धरायचा, हा प्रश्न मराठी श्रोत्यापुढे विशेष उभा राहतो, कारण त्याचा पगार इंग्रजी महिन्याने होतो आणि सण मराठी महिन्याने येतात. संगीताचे ऋतूंशी नाते जोडण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात रागांना ऋतू आणि प्रहर, म्हणजे दिवसाचा तीन तासांचा भाग, नेमून दिलेले आढळतात. आजही गौड मल्हार किंवा मियाँ मल्हार पावसाळ्यात आणि बसंत, बहार वसंतात गायले जातात. ज्याला आपल्या यादीला आपोआप रंग चढावा असे वाटते त्याने चैत्र ते फाल्गुन असा क्रम धरावा. आषाढात वारीचे अभंग, श्रावणात मंगळागौरीची गाणी, आश्विनात भोंडल्याची गाणी, असे निम्मे काम पंचांगच करून ठेवते. अर्थात अशा श्रोत्याला अधिक मासाचाही विचार करावा लागतो. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणारा हा जादा महिना, उदाहरणार्थ २०२३ सालचा अधिक श्रावण, यादीत कसा धरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा प्रश्न कोणाला पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या गीतमालिकेपुढेही तो आला होता. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी संगीत दिलेले ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात बावन्न गाणी व्हावीत अशी मूळ योजना होती. पण त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे पुढची रामनवमी लांबली आणि गाण्यांची संख्या छप्पन्न झाली. श्रोत्यांनी शुक्रवारच्या प्रक्षेपणाची वाट पाहावी, एक गाणे आठवडाभर मनात घोळवावे आणि मग दुसरे ऐकावे, ही त्या मालिकेची रीत होती. छप्पन्न गाणी सलग एका दुपारी ऐकणाऱ्या आजच्या श्रोत्याला ती रचना कळते, पण तिची चाल, म्हणजे काळातून सरकण्याची गती, कळत नाही.

निवड करून देण्याचे काम आता यंत्रही करते. ज्या श्रोत्यांच्या आवडी एकमेकांशी जुळतात त्यांपैकी एकाने ऐकलेले गाणे दुसऱ्याला सुचवायचे, हे त्यामागचे मुख्य तत्त्व असून नवे गायक कळण्यासाठी ते खरोखर उपयोगी पडते. मात्र हे गाणे या महिन्यात का हवे, हे त्याला ठाऊक नसते. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की गाण्यांची नावे रोमन लिपीत नाना तऱ्हांनी लिहिलेली असतात, संगीतकार आणि कवी यांची नावे पुष्कळदा गाळलेली असतात, आणि मूळ ध्वनिमुद्रणाऐवजी दुसऱ्याच कोणी गायलेली नक्कल आधी समोर येते. शिवाय कंपन्यांचे करार संपले की गाणी यादीतून निमूटपणे नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक मिटलेली यादी वहीतही उतरवून ठेवावी: गाणे, गायक, कवी, संगीतकार, आणि असल्यास चित्रपट व साल. हे पाच-दहा मिनिटांचे काम पुष्कळांना कंटाळवाणे वाटते, पण त्याला पर्याय नाही.

क्रम लावताना महाराष्ट्रातल्या मैफलीचा नमुना अजूनही चांगला उपयोगी पडतो. मैफलीत विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतली विस्ताराची गायकी, आधी येतो, मग द्रुत बंदिश, त्यानंतर नाट्यगीत किंवा ठुमरी, मग अभंग आणि शेवटी भैरवी, असा क्रम रूढ आहे. त्यातले सूत्र असे की लक्षपूर्वक ऐकायचे ते श्रोता ताजा असताना द्यावे आणि ओळखीचे, सर्वांच्या ओठांवरचे ते नंतर ठेवावे. चित्रपटगीतांच्या यादीलाही हे सूत्र लागू पडते. सलग दोन गाणी एकाच गायकाची असली तर दुसरे फिके वाटते, आणि सत्तर मिनिटांच्या यादीत पंचवीस मिनिटांचा एकच ख्याल घातला तर बाकीची गाणी त्याच्याभोवतीच रचावी लागतात. गाण्यांचा क्रम आपोआप उलटसुलट करणारी शफलची सोय अशा यादीसाठी बंद ठेवावी. एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळून देणारी क्रॉसफेडची सोय नाचाच्या गाण्यांना शोभते, पण तिहाईनंतर समेवर आलेली बंदिश तिच्यामुळे अक्षरशः कापली जाते. १९५०च्या दशकातले ध्वनिमुद्रण हळू आणि आजचे कर्कश वाजते ही तक्रार मात्र आवाजाची पातळी समान करणाऱ्या सेटिंगने बरीचशी दूर होते. ते बहुतेक ॲपमध्ये असते, फक्त ते उघडून पाहण्याची तसदी घेतली जात नाही.

सणाची यादी ही याहून वेगळी, कारण ती एकट्यासाठी नसते आणि एका वर्षासाठीही नसते. नरक चतुर्दशीच्या पहाटेचे उदाहरण घेतले तर पावणेपाचपासून फराळापर्यंत सुमारे तीन तास यादी चालते आणि त्या अवधीत घर टप्प्याटप्प्याने जागे होते. पहिली वीस-पंचवीस मिनिटे शब्द नसलेलेच बरे. उटणे लावून अभ्यंगस्नानाची रांग लागलेली असताना बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईसारखे दुसरे काही शोभत नाही. उजाडेपर्यंत ललित आणि भैरव, त्यानंतर भूपाळी, तीही शक्यतो ‘अमर भूपाळी’ या १९५१च्या चित्रपटातली, वसंत देसाईंच्या संगीतातली, कारण पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे ते गाणे तीन पिढ्यांना सारखेच पाठ असते. मग अभंग, नाट्यगीते, आणि चकलीच्या ताटाभोवती सगळे जमले की चित्रपटगीते. शहरोशहरी होणाऱ्या दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांचा क्रमही थोड्याफार फरकाने हाच असतो. परदेशातली मराठी कुटुंबे तर सोयीसाठी दिवाळी शनिवार-रविवारी साजरी करतात, तेव्हा तिथी हुकली तरी पहाटेचा भास निर्माण करण्याचे काम या यादीकडेच येते. अशा यादीत नावीन्याची हौस भागवू नये. दरवर्षी एखाद-दुसरे गाणे बदलले तरी पुष्कळ झाले.

याला अपवादही आहेत. गणेशोत्सवातले मेळे दरवर्षी नवी, प्रसंगोचित पदे बसवत असत, आणि बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास नव्या गाण्यांच्या तबकड्या काढण्याची प्रथा होती, त्यासाठी एचएमव्ही कंपनी ‘शारद अर्घ्य’ नावाची पुस्तिकाही छापत असे. तथापि त्या नव्या गाण्यांपैकी जी टिकली ती पुढच्या काळात पूजेची जुनी गाणी म्हणूनच ऐकली गेली.

नाताळच्या गाण्यांचा जगभराचा अनुभव हेच सांगतो. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी प्रथम गायलेले ‘सायलेंट नाइट’, बिंग क्रॉस्बी यांचे १९४२चे ‘व्हाइट ख्रिसमस’, आणि मुळात नाताळचा उल्लेखही नसलेले १८५७चे ‘जिंगल बेल्स’ दर डिसेंबरला परत येतात. मराया कॅरी यांचे १९९४ सालचे नाताळगीत तर अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते पंचवीस वर्षांनी, २०१९ साली. गोव्याच्या यादीत या आंतरराष्ट्रीय गाण्यांबरोबर कोकणी कांतारां आणि मांडो यांना जागा हवी. मांडो हा संथ, विरहाच्या छटेचा गीतप्रकार असून त्याच्या पाठोपाठ जलद लयीतले दुलपोद गाण्याची रीत आहे, तेव्हा यादीतही ही जोडी फोडू नये, आणि घुमटाचा ठेका नीट ऐकू येईल असेच ध्वनिमुद्रण निवडावे. ही यादी साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढून ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, मिटली की पुरे. जानेवारीची यादी तोवर सुरू झालेली असतेच, आणि तीत नाताळचे एकही गाणे घेऊ नये.