पाऱ्याचे इंच आणि महाबळेश्वरची उंची

वाईत गाडीच्या चाकात तीस पौंड हवा भरा, पसरणीचा घाट चढा आणि महाबळेश्वरला पुन्हा मोजा. चाकाचे तापमान दोन्हीकडे सारखे असेल, तर काटा एकतीसच्या आसपास थांबेल. वाटेत चाकात हवा कोणी भरलेली नसते. आपले गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे एवढेच सांगते. वाईची उंची सुमारे ७०० मीटर, महाबळेश्वरची सुमारे १,३५०. तेवढ्या चढात बाहेरचा दाब ९३० हेक्टोपास्कलवरून ८६० पर्यंत उतरतो. हा ७० हेक्टोपास्कलचा फरक म्हणजेच तो एक पौंड.

पंपावर ज्याला ‘पौंड’ म्हणतात, तो दर चौरस इंचाला एक पौंड दाब. त्याचे मेट्रिक रूप ६.८९५ किलोपास्कल, म्हणून तीस पौंड म्हणजे २०७ किलोपास्कल. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे ९८.०७ किलोपास्कल. डॉक्टरांचे रक्तदाबाचे १२० मिलिमीटर म्हणजे १६ किलोपास्कल. इथे एका गुणाकारात काम होते. जुन्या हवामान नोंदींतले पाऱ्याचे इंच, म्हणजे हवेच्या दाबाने नळीत उभ्या राहिलेल्या पाऱ्याची उंची, मात्र इतक्या सहज हाती लागत नाहीत.

पहिला प्रश्न, इंच कोणाचा? ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्यूई द डोम डोंगर चढला. हा डोंगर १,४६५ मीटरचा, आपला महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३९ मीटरचा. दोघे जवळजवळ एकाच उंचीचे. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा अधिक खाली होता. पण तो फ्रेंच इंच २७.०७ मिलिमीटरचा, इंग्रजी इंच २५.४ चा. हा भेद विसरून रूपांतर केले, तर पेरिएने मोजलेली घट सहा टक्क्यांनी कमी भरते.

आपल्याकडे इंग्रजी इंचच होता. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी इथे वर्षानुवर्षे वायुदाब मोजला आणि त्यावरचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, हे त्यांनी दख्खनच्या पठारावर बारकाईने टिपले. सकाळी दहाचा आकडा आणि दुपारी चारचा आकडा म्हणूनच एक नसतो. अशा नोंदींबद्दल मला फार आदर वाटतो, आणि म्हणूनच त्यांचे घाईघाईने केलेले रूपांतर खटकते.

समजा, महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या वहीत २५.५० इंच अशी कच्ची नोंद आहे. एक इंच पारा म्हणजे ३३.८६४ हेक्टोपास्कल; गुणाकार येतो ८६३.५. पण हा गुणक ज्या पाऱ्यासाठी ठरला, तो शून्य अंश सेल्सिअसचा. खोली वीस अंशांवर असेल तर पारा फुगलेला असतो आणि तेवढ्याच दाबाला नळीत जास्त उंच उभा राहतो. सुमारे ३ हेक्टोपास्कल इथे वजा करावे लागतात. पुन्हा तोच गुणक गुरुत्वाकर्षणाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ धरतो. विषुववृत्ताजवळच्या, शिवाय डोंगरावरच्या महाबळेश्वरात ते सुमारे पाव टक्क्याने कमी आहे, म्हणजे पारा तेवढा हलका. त्यापायी आणखी २ जातात. उरतात साधारण ८५८. या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे दहा मीटर, तेव्हा नुसता गुणाकार करून त्या दाबावरून काढलेली उंची पन्नास मीटरने चुकेल. अर्थात काही नोंदींत या दुरुस्त्या आधीच केलेल्या असतात. त्या पुन्हा केल्या तर चूक उलट दिशेने होते.

पास्कल या एककाचे मोल मला इथे दिसते. एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल, एवढीच त्याची व्याख्या. पारा, खोलीचे तापमान, गावाचा अक्षांश, कशाचाच तिच्याशी संबंध नाही. हे नाव १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने ठरले. १९८६ पासून हवामानशास्त्राने मिलिबारऐवजी हेक्टोपास्कल स्वीकारले, आणि दोन्ही एकके सारखीच असल्याने आकडे जागचे हलले नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वरात ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या दाबाच्या नोंदी जगात कोणालाही तशाच्या तशा वापरता येतात.

जुन्या नोंदींना ही सोय नाही. तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी अशी वही असेल, तर नवे आकडे जरूर लिहा. पण मूळचा इंच, वेळ आणि शेजारचे तापमान खोडू नका.