कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी लाइट, ओल आणि एसएमपीएस तपासा

भुशी (ता. मावळ) : पावसाळा लागला की भुशी-लोणावळा भागात एक तक्रार हमखास ऐकू येते. कॉम्प्युटर चालता चालता एकदम बंद पडतो आणि आपला आपणच पुन्हा चालू होतो. ऑनलाइन अर्ज अर्धा भरलेला असतो, तो जातो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारण जुलैअखेर येते, म्हणजे ऐन भातलावणीत. एक दिवस लावणी सोडून माणूस केंद्रावर येतो, रांगेत उभा राहतो, आणि नंबर आला की मशीन बसते. बंगले, खोल्या भाड्याने देणाऱ्यांची बुकिंगची वही आता कॉम्प्युटरमध्येच असते, त्यांचंही तेच.

अशा वेळी सगळ्यांचा सल्ला एकच : "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका." हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा ठरतो. फॉरमॅटने डेटा जातो, पैसे जातात, आणि दोन दिवसांनी मशीन पुन्हा तशीच बंद पडते. कारण बिघाड विंडोजमध्ये नसतोच. तो भिंतीतल्या प्लगात, यूपीएसच्या बॅटरीत नाहीतर कॅबिनेटच्या आत असतो. तो शोधायचा क्रम ठरलेला आहे.

आधी बघा, बंद कधी पडतो

दोन दिवस वहीत लिहून ठेवा. किती वाजले होते, काय काम चालू होतं, बल्ब डिम झाला होता का, पाऊस होता का. यातून अर्धं उत्तर मिळतं.

- लाइट डिम-फुल झाली किंवा शेजारची मोटार चालू झाली की बंद : सप्लाय किंवा यूपीएस.
- चालू केल्यावर १०-१५ मिनिटांनी, पंख्याचा आवाज वाढून बंद : आत गरम होतंय.
- जड काम काढलं की बंद : एसएमपीएस कमजोर.
- विंडोज येण्याआधीच पुन्हा पुन्हा चालू-बंद : रॅम, एसएमपीएस किंवा समोरचं बटण.
- निळा पडदा येऊन बंद : ड्रायव्हर, रॅम किंवा विंडोज.

बल्ब नुसता लुकलुकतो, कॉम्प्युटर का बसतो?

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. त्यात ६ टक्के खाली-वर चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. कॉम्प्युटरला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट लागतात. हे बदलण्याचं काम कॅबिनेटमधला डबा करतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. लाइट गेली तर हा डबा आपल्या पोटातल्या साठ्यावर सेकंदाचा सुमारे साठावा भागच तग धरतो. झाडाची फांदी तारेला लागून लाइट झपकन गेली-आली तर आपल्याला फक्त बल्ब लुकलुकलेला दिसतो. तेवढ्यात एसएमपीएसने मदरबोर्डला दिलेला "वीज ठीक आहे" हा इशारा तुटतो आणि मशीन रिस्टार्ट होते. यात व्हायरसचा काही संबंध नाही.

वळवण, शिरोता तलावांच्या पाण्यावर खोपोलीला वीज तयार होते. पण वीज जवळ तयार होते म्हणून घरातला सप्लाय चांगला असेलच असं नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर, मीटरजवळचं कनेक्शन आणि बोर्डातला प्लग, या तीन ठिकाणी सैलपणा येतो. पावसात तिथे गंज चढतो.

घरातले काही बल्ब एकदम जास्त उजळले आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता मोठी. तेव्हा कॉम्प्युटर, टीव्ही, फ्रीज सगळ्यांच्या पिना काढा आणि महावितरणच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. खांबावर स्वतः चढू नका, चढवूही नका.

घरात करता येईल अशी एक तपासणी आहे. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या बोर्डावर लावून बघा. मल्टिप्लगवर प्रिंटर, चार्जर, राउटर सगळं असेल तर ते काढा. तिथे दिवसभर नीट चालला तर दोष जुन्या बोर्डात आहे, वायरमनला बोलवा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं असू शकतं. ओल्या फरशीवर हे जिवावर बेतू शकतं. ते आधी दुरुस्त करून घ्या, कॉम्प्युटर नंतर.

यूपीएस आहे, पण बॅटरी आहे का?

टेबलाखाली यूपीएस आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यातली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. ती उतरली की लाइट जाताक्षणी यूपीएस पिक् करतो आणि कॉम्प्युटर बसतो. तपासायला सोपं आहे. सगळं काम सेव्ह करा आणि यूपीएसचा भिंतीवरचा खटका बंद करा. पाच-दहा मिनिटं चालला तर बॅटरी ठीक. लगेच बंद पडला तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस टाकायची गरज बहुतेक वेळा नसते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तो गरम होताना एकदम जास्त करंट खेचतो आणि सगळंच बसवतो.

ओल, धूळ आणि मुंग्या

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं की घरातल्या भिंतीही पाझरतात. धुळीवर ओल बसली की ती वीज वाहून नेते. मेटलच्या टोकांवर गंज येतो. उबेला मुंग्या, झुरळं, पाली आत शिरतात.

उपाय साधा आहे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, एक-दीड फूट उंच ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात रोज अर्धा-एक तास तरी मशीन चालू ठेवा, आतली ओल उडते. झाकून ठेवायची तर बंद झाल्यावर, चालू असताना कापड टाकू नका.

आत साफ करायचं तर आधी पिन काढा आणि दहा मिनिटं थांबा. बाजूचं झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का ते नंतर चालू करून लांबून बघा. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ गेला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होते. पंख्याखालची पेस्ट वाळली असेल तर दुकानातून बदलून घ्या. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. पिन काढल्यावरही त्यात काही वेळ ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

रॅम, बटण आणि एसएमपीएस

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवा, पुसा आणि कट् आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

समोरचं रिसेटचं बटण ओलीने अडकतं, हे फार कोणी तपासत नाही. मदरबोर्डवरची त्याची बारीक वायर काढून ठेवली तरी कॉम्प्युटर पॉवर बटणाने चालू होतो. वायर काढल्यावर रिस्टार्ट थांबलं तर खर्च शून्य.

मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर फोटो काढा आणि दुकानात दाखवा. एसएमपीएसचा संशय असेल तर दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस लावून बघायला सांगा. हा भाग मदरबोर्डपेक्षा बराच स्वस्त असतो, म्हणून मदरबोर्ड बदलायला हो म्हणण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे.

विंडोजचा दोष आहे का?

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर जा. काही बदल न करता अर्धा तास तसंच ठेवा. तिथे विंडोज चालूच नसते. तरीही रिस्टार्ट झालं तर फॉरमॅट मारून काही उपयोग नाही, दोष विजेचा किंवा पार्टचा आहे.

बायोसमध्ये नीट चालतो आणि विंडोजमध्येच बसतो, तर मात्र विंडोजकडे वळा. सर्चमध्ये इंग्रजीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' टाका, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. आता निळा पडदा आला की तो थांबून राहील, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडली. कारण ते सांगत नाही.

व्हायरस किंवा सॉफ्टवेअरने असं कधी होतच नाही असं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या व्हायरसने ६० सेकंदांची उलटी गिनती दाखवून जगभरचे कॉम्प्युटर रिस्टार्ट केले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बसले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. पण तेव्हा एकाच दिवसात सगळीकडे बोंब झाली होती. फक्त तुमचाच कॉम्प्युटर आणि तोही पावसातच बसत असेल, तर आधी लाइट बघा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आहेत, हेही लक्षात असू द्या.

दुकानात नेण्याआधी

- डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्समधल्या फाइल सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये त्याच जातात. पेनड्राइव्हवर कॉपी घ्या.
- सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर रेटून चालवू नका, हार्ड डिस्क खराब होते.
- वहीतली नोंद आणि निळ्या पडद्याचा फोटो दुकानदाराला दाखवा. काय तपासलं ते सांगा.
- बदललेला जुना पार्ट परत मागा आणि नव्याचं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.
- विजा कडकडत असतील तर पिन काढा, इंटरनेटची वायरही काढा.

मुदतीचा अर्ज असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि अर्ज भरताना दर पानाला सेव्ह करत चला, म्हणजे लाइट झपकन गेली तरी सगळं पहिल्यापासून भरावं लागणार नाही.