वकिलाची फी आणि फसवी सरासरी

अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी अनेकांना असं पोस्टकार्ड कधी ना कधी येतंच: अमुक कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आहे, तुम्हीही हक्कदार आहात. अर्ज भरला तर शेवटी हाती थोडेसेच डॉलर पडतात. मग वकिलांना किती मिळतात?

ते न्यायाधीश ठरवतात. पण त्या वेळी कोर्टात घासाघीस करणारं सहसा कुणी नसतं. कंपनीने रक्कम एकदा कबूल केली की ती कुणात कशी वाटली जाते, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. दावेदाराचा वाटा इतका लहान असतो की हरकत घेणं परवडत नाही. म्हणून न्यायाधीश संशोधकांच्या आकड्यांकडे वळतात.

थिओडोर आयझेनबर्ग आणि जेफ्री मिलर यांनी २००४ साली दाखवलं की फी मुख्यतः तडजोडीच्या रकमेवर ठरते, आणि रक्कम वाढते तशी टक्केवारी उतरते. ब्रायन फिट्झपॅट्रिक यांनी २००६-०७ मधल्या फेडरल कोर्टांतल्या ६८८ तडजोडी तपासल्या. टक्केवारीने ठरलेल्या फीची सरासरी साधारण २५ टक्के निघाली. पण सगळ्या तडजोडींचे मिळून सुमारे ३३ अब्ज डॉलर, त्यातले वकिलांना जवळपास ५ अब्ज, म्हणजे १५ टक्केच!

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या सरासरीत लहान-मोठ्या प्रत्येक खटल्याला सारखंच वजन आहे. दुसऱ्या आकड्यात मोठ्या तडजोडी भारी पडतात, आणि तिथे टक्केवारी कमी असते.

हा फरक किती महागात पडतो, ते बॉस्टनमध्ये दिसलं. स्टेट स्ट्रीट बँकेविरुद्धच्या दाव्यात पेन्शन फंडांसाठी ३० कोटी डॉलरची तडजोड झाली. २०१६ साली वकिलांना २५ टक्के, सुमारे साडेसात कोटी, मंजूर झाले. वकिलांनी फिट्झपॅट्रिक यांच्या सरासरीचा आधार दिला होता. मात्र त्याच अभ्यासात २५ ते ५० कोटींच्या तडजोडींची सरासरी १७.८ टक्के आहे, हे सांगितलं नव्हतं. पुढे वर्तमानपत्राने तासांच्या हिशेबातली दुबार मोजणी उघड केली, चौकशी झाली, आणि २०२० साली न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी फी ६ कोटींवर आणली.

आणखी एक गुंता आहेच. आजची सरासरी पाहून न्यायाधीश फी देतात, आणि ती फी उद्याच्या सरासरीत जाऊन बसते. म्हणून पुढचं पोस्टकार्ड आलं की फेकण्याआधी फीचा आकडा वाचा. हरकत नोंदवायचा हक्क तुम्हालाही आहे.